केसरची बाटली

डॉक्टरांनी काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. आतली लघवी उकळली, पण गढूळ झाली नाही. अ‍ॅसिडचे थेंब टाकून पाहिले, तरी आरपार स्वच्छ.

"नवल आहे," ते म्हणाले. "काल तुझ्या घरी बायकोच्या पाठीला नुसतं बोट लावलं तर ती कळवळली. थंडी वाजून ताप. मला वाटलं, मूत्रपिंडाला सूज आली, पू झाला. पण यात तर काहीच नाही. म्हणजे हिवताप. क्विनीन देतो."

बाकावर बसलेला सदा, केसरचा नवरा, चुळबुळला. रेवदंड्याहून चौलला येताना त्याने बाटली सदऱ्याखाली लपवली होती. वाटेत ओळखीच्या येसाजीने ती हेरलीच. दारूबंदीचे दिवस, त्याने डोळा मारून हात पुढे केला. "एकटाच पितोस व्हय?" सदा भर वादळात होडी हाकणारा गडी, पण बायकोची लघवी नेतोय हे सांगायला त्याची जीभ रेटेना. त्याने बाटली कुंपणात उपडी केली आणि दवाखान्यामागे जाऊन स्वतःच भरली. लघवीसारखी लघवी, कुणाला काय कळतंय, असं त्याला वाटलं होतं.

डॉक्टर पुड्या बांधू लागले.

"डॉक्टर," सदा म्हणाला, "ती माजी हाय."

"काय?"

"बाटलीतली. केसरची मी वाटंत ओतून टाकली. लाज वाटली."

बसलेली माणसं हसली. सदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी क्विनीन परत बरणीत टाकलं, बाटली उकळत्या पाण्याने धुतली आणि त्याच्या हातात दिली.

"आत्ताच्या आत्ता तिची घेऊन ये. उशीर केलास तर बायको हातची जाईल. आणि मला सांग, ती दिवसभर बाजारात मासळी विकते, तेव्हा लघवीला कुठे जाते? तुंबवून ठेवणाऱ्या बायकांना हे दुखणं धरतं."

पुरुष बाजाराच्या भिंतीमागे जात. सदाही जाई. बायकांचं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. उलट आपली केसर टोपलीवरून उठत नाही, म्हणून तो चारचौघांत मिरवायचा.

घरी ती गोधडीत कुडकुडत होती. त्याने वाटेत येसाजी भेटल्यापासूनचं सगळं सांगितलं, बाटली पुढे केली आणि मान खाली घालून विचारलं, "बाजारात तू कुठं जातेस?"

"कुठं जानार? घरनं निघालं का पानीच पीत न्हाय."

तिने बाटली पदराआड घेतली.

"आन वाटंत कुनी इचारलं," ती हळूच म्हणाली, "तर दारू हाय म्हना."