म्हापसा–लुआंडा क्षेमकुशल

सगुणशेटांनी किल्ली काढली आणि ती हातातच राहिली, कारण दुकानाला दारच उरलं नव्हतं.

अंगोलातल्या लुआंडा शहरातलं हे दुकान धाकट्या भावाचं, उपेंद्रचं. “दादा, येथील सर्व क्षेम. हे दुकान तू घे, तुझं म्हापशाचं मला दे. गावची फार आठवण येते,” असं त्याने लिहिलं होतं. दोन्ही मुलखांत राज्य पोर्तुगीजांचंच, त्यामुळे अदलाबदल झटपट झाली. भर समुद्रात समोरून एक बोट गेली, तेव्हा भाऊ तिच्यातच असणार असं धरून सगुणशेटांनी तिला आशीर्वादही दिला म्हणे.

आणि इथे पाहावं तर कोपऱ्याकोपऱ्यावर बंदुका! आज ना उद्या अख्खा मुलूख बंड करणार, हे बंदरावरचा हमालसुद्धा सांगत होता.

“सख्ख्या भावाने गळा कापला गो!” सगुणशेट उंबऱ्यावर मटकन बसले. डोळ्यांत खरंच पाणी आलं. “एका ताटात जेवलो आम्ही!”

“आणि तुम्ही त्याला काय कळवलंत?” पोरीला पोटाशी धरून त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी विचारलं. “हे पाखले पोर्तुगीज आता गोव्यातून जाणार, आणि त्यांच्या सोजिर-शिपायांना आपल्या दुकानात दारू पाजणाऱ्याची म्हापसेकर गाढवावरून धिंड काढणार, हे लिहिलंत?”

“पत्रात अशुभ लिहू नये. मी क्षेम तेवढं लिहिलं.”

रागारागाने सगुणशेटांनी कागद ओढला, ‘चांडाळा’ असं लिहिलं, पोरीकडे पाहिलं आणि ते खोडलं. “चि. उपेंद्र, येथील सर्व क्षेम. तुझं दुकान तूच येऊन सांभाळावंस, असं मनापासून वाटतं.”

ते पाकीट पोस्टात पडायच्या आधीच म्हापशाचं पत्र येऊन थडकलं.

“दादा, येथील सर्व क्षेम. तुझं दुकान परत कधी घेतोस?”