डाव्या सीटवरचा उजेड

"भूत नावाची वस्तू या विश्वात नाही, आणि असलीच तर तिनं आधी पुरावा सादर करावा!" अण्णांनी मेहुणीला फोनवर ठणकावून सांगितलं. फक्त ते कुजबुजत ठणकावत होते, कारण इमारतीच्या तळघरात ते एका खांबाआड उभे होते आणि समोर त्यांचीच गाडी होती.

"मग मला कशाला बोलावताय, भाऊजी?"

"वायरिंगसाठी," अण्णा म्हणाले. "आणि जरा लवकर ये."

गाडीवर कापडी आवरण होतं. दारं बंद, डिकी बंद, किल्ली अण्णांच्या मुठीत. तरी त्या कापडाच्या आतून, डाव्या बाजूनं, उजेड झिरपत होता. डोक्यावरून पांघरूण ओढून कुणी चोरून वाचत बसावं, तसा.

अण्णांचा उभा जन्म विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेला होता. समोर दार चेपलेलं दिसत असतानाही 'हे चेपलंय कशावरून?' असं विचारणारा माणूस. या उजेडाचीही त्यांनी रीतसर पाहणी केली होती. बटण बंद. दार बंद. डाव्या सीटवर कुणी नाही. कारण अज्ञात. त्यापुढचा शेरा मनातल्या मनात मारायलाही ते धजत नव्हते. डावी सीट बायकोची होती, आणि बायको हिवाळ्यातच गेली होती.

हयातभर तिची एक तक्रार. "अहो, या गाडीत दिवा आहे की काजवा? पर्समध्ये हात घातला तर चष्मा लागेल की विंचू, सांगता येत नाही. बदला की तो बल्ब!"

अण्णांचं उत्तर ठरलेलं. "बघू."

"बघायलाच तर उजेड मागतेय!" ती म्हणायची. आणि धाकट्या बहिणीला फोन करून सांगायची, "आमच्याकडे 'नाही' म्हणायची पद्धत नाही गं. 'बघू' म्हणतात."

ती गेली आणि अण्णांनी बल्ब बदलला. स्वतःच्या हातानं. नवा, पांढराशुभ्र, एलईडीचा. आधी पेटेचना. काढून, उलटा फिरवून बसवला तेव्हा पेटला. 'हाही रुसतो,' अण्णा पुटपुटले. पण पेटला तो पेटलाच. बटण बंद केलं तरी एक मंद, राखेच्या रंगाचा उजेड मागे राहिला, तिच्या सीटवर, तिच्या चष्म्याच्या डबीवर, आरशाला अडकवून ठेवलेल्या तिच्या केसांच्या चिमट्यावर.

तेव्हापासून अण्णा रोज खाली यायचे, आवरणाचं टोक उचलून आत शिरायचे आणि शेजारी बसून घरातल्या बातम्या सांगायचे. उत्तर यायचं नाही. पण ते तसं संसारातही क्वचितच थांबून ऐकायचे. लेक गाडी विकून टाका म्हणतेय, हे सांगितलं तेव्हा मात्र उजेड जरासा थरथरला. निदान अण्णांना तसं वाटलं. म्हणून ते आज खांबाआड होते. उद्या गिऱ्हाईक येणार होतं, आणि ही बातमी द्यायला त्यांचे पाय पुढे होत नव्हते.

मेहुणीचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. ती हत्यारांची पिशवी घेऊन आली.

"बाहेर या. लपाछपी खेळायचं वय आहे का हे?"

आवरण काढून ती थेट डाव्या सीटवर बसली. सीट पुढेमागे करावी लागली नाही; दोघी बहिणी एकाच उंचीच्या. मान वर करून तिनं दिव्याचं झाकण उचकटलं, आणि त्या राखाडी उजेडात तिची हनुवटी अशी काही दिसली की अण्णा घाईघाईनं टायर तपासू लागले.

"भूतबीत काही नाही, भाऊजी. गळती आहे. बटण बंद केलं तरी वायरीत चिमूटभर करंट राहतो. जुना बल्ब खादाड. तेवढ्यात त्याचं काय भागणार? तो आपला विझलेलाच राहायचा. हा नवा चिमूटभरावरही पेटतो." तिनं झाकण मांडीवर ठेवलं. "ताईसारखा. तिला तरी कुठं काय लागायचं?"

पिशवीतून तिनं दोन तारांचा एक बारीकसा तुकडा काढला. "हा रेझिस्टर. हा जोडला की ती गळती हाच गिळणार. हे बघा." तिनं दोन्ही तारा दिव्याला टेकवल्या. "गेली लाइट."

तळघर एकदम फार मोठं झालं. सीट, डबी, चिमटा, काही उरलं नाही. मेहुणीसुद्धा.

तिनं हात काढला. "आली."

अण्णांनी दाराची कड घट्ट धरली होती.

"पटलं ना? गेली." पुन्हा तो अंधार. "आली. कायमचा जोडून टाकू?"

अण्णांना कारण कळलं होतं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांकडे मागितलं, तसं चोख, पुराव्यानिशी.

"बघू," ते म्हणाले.

मेहुणीचा हात तसाच राहिला. त्या शब्दाचा अर्थ तिला बहिणीनं केव्हाच सांगून ठेवला होता. तिनं झाकण परत बसवलं आणि ती खाली उतरली.

"उद्याच्या गिऱ्हाइकाचं काय?"

"त्याचंही बघू."

"अहो, पण गाडी जागची हलत नाही. ही लाइट अशीच थेंब थेंब पीत राहिली, तर बॅटरी उतरेल. मग जाईल ती कायमची."

अण्णांनी उजेडाकडे पाहिलं, मग मेहुणीकडे. घसा खाकरून त्यांनी थेट विमा कंपनीतला आवाज काढला.

"तुझ्या दुकानातला तो बॅटरी चार्जर," ते म्हणाले, "तेवढा माझ्याकडे ठेवशील?"