घड्याळाचा शब्द

"दिवसभर एवढं हातात ठेव," म्हणत नवऱ्याने आपलं धावायचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. त्याचा पाय मुरगळला होता, आणि धावणाऱ्यांच्या ग्रुपवर रोज दहा हजार पावलं दाखवायची अट होती. नव्वद दिवसांचा नेम एका घोट्यापायी मोडला असता, तर घराण्याला बट्टाच लागला असता.

"जमेल ना तुला एवढं चालायला?" सोफ्यावर उशीवर पाय ठेवून त्याने काळजीने विचारलं. बघते म्हटलं, डबे भरले आणि मुलीची शाळा, माझं ऑफिस, सासूबाईंची औषधं, भाजी असं करत घरी आले. लिफ्ट नेमकी बंद होती.

संध्याकाळी घड्याळात एकवीस हजार पावलं निघाली. त्याने लगेच ग्रुपवर फोटो टाकला. "मुरगळलेल्या पायाने? सर, साष्टांग नमस्कार!" कोणीतरी लिहिलं. यावर आमच्या सरांनी नम्रपणे उत्तर दिलं, "सगळं मनावर असतं."

तेवढ्यात घड्याळ वाजलं. त्याने सवयीने मोठ्याने वाचलं, "शरीर फार थकलं आहे. छत्तीस तास पूर्ण विश्रांती घ्या."

घड्याळाचा शब्द आमच्या घरात मोडत नाहीत. असाच आदेश आला म्हणून तो माझ्या भावाच्या साखरपुड्याला आला नव्हता. मी त्याच्या पायाखालची उशी काढून घेतली आणि आडवी झाले.

"ओटा इथून बारा पावलांवर आहे," मी डोळे मिटत म्हटलं. "जमेल तुला. सगळं मनावर असतं."