रत्नपालचं ऑपरेशन

डॉक्टरांनी पडद्यावर मणक्याचं चित्र आणलं आणि इंदूबाईनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"आजी, बघा तर. भिण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले.

भिण्यासारखं न्हाय म्हणे. यांचं काय जातंय? मुरुडला एसटीत बसल्यापासून अलिबागच्या या दवाखान्यात शिरेपर्यंत इंदूबाईनं पोराचा हात सोडला नव्हता. तिनं एक डोळा किलकिला केला. मणक्यांच्या मधून एक दोरी खाली गेली होती आणि त्या दोरीत मधेच जांभळाच्या बीएवढा फुगवटा होता.

शेजारी तिचा मुलगा रत्नपाल मान खाली घालून बसला होता. चाळिशीला टेकलेला, गावच्या शाळेत मास्तर, पोरं त्याला टरकतात. आज त्याचंच तोंड एवढंसं झालं होतं. सून प्रज्ञा इंदूबाईच्या दुसऱ्या अंगाला होती.

महिन्यापूर्वी त्यानं घरी सांगितलं, पाठीच्या कण्यात गाठ असेल, तपासावं लागेल. तेव्हापासून इंदूबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तो चालताना कधी डावा पाय ओढायचा, कधी उजवा. दोन्हीकडं शिरलंय मेलं, असं म्हणत ती मागल्या दारी जाऊन रडून यायची. मशिनीत घालून फोटो काढले तेव्हा तिलाही आत घातलं. असली दुखणी कधीकधी रक्तातून येतात, आईचंही बघावं लागतं, असं प्रज्ञानं तिला समजावलं. त्या खडखडणाऱ्या बोगद्यात तिला स्वतःची शुद्धच नव्हती. माझ्याकडून पोराला गेलं असलं तर मला मरण का येत न्हाय, एवढंच ती पुटपुटत होती.

आणि ऑपरेशन म्हटलं की तिचं धाबं दणाणायचं. नवरा बाळाराम साध्या हर्नियासाठी हसत आत गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून तिनं मोतीबिंदूलासुद्धा कुणाला हात लावू दिला नव्हता. मला काय झालं तर घरात पडून राहीन, पण टेबलावर चढणार न्हाय, हे तिनं घरादाराला बजावून ठेवलं होतं. आता तेच टेबल पोराच्या वाट्याला आलं होतं.

"गाठ मज्जारज्जूच्या आत आहे, या दोरीच्या पोटात," डॉक्टर बोट ठेवून सांगू लागले. ते सगळं इंदूबाईकडं बघूनच सांगत होते. आईला सांगायला नको? "छातीकडून जायची गरज नाही. पाठीमागून जायचं. मणक्यांच्या मागच्या कमानी उचलायच्या, आतलं आवरण उघडायचं आणि दोरी बरोबर मधोमध उकलून गाठ हळूहळू सोडवायची. सुटी असेल तर सगळी निघेल. चिकटलेली असेल तर पंचाईत आहे."

"कसली पंचाईत?"

"ओढून सगळी काढली तर पाय जाऊ शकतात. थोडी ठेवली तर पाय बहुतेक वाचतील, पण काही वर्षांनी ती पुन्हा वाढू शकते."

"आन् हातच न्हाय लावला तर?"

"मग हळूहळू पाय जातील. लघवीवरचा ताबा जाईल. पुढं अंथरूणच."

रत्नपाल ताडकन उठला. "आये, चल घरी. हे कापाकापीचं काम नको. घरात पडून राहू."

"बस खाली."

"मला भीती वाटते गं."

"मला काय वाटत न्हाय? माझे पाय बघ कसे लटपटतायत."

खरंच लटपटत होते. मघाशी डॉक्टरांनी रत्नपालला डोळे मिटून उभं राहायला लावलं, मग म्हणाले, आजी, तुम्हीपण करून दाखवा. तर ती अशी कलंडली की प्रज्ञानं कमरेला विळखा घालून सावरलं. काळजीनं पोखरलेल्या माणसाच्या अंगात त्राण कुठून राहणार?

"बाबांचं काय झालं, विसरलीस?" रत्नपाल म्हणाला.

इंदूबाईला ते बोलणं फार लागलं. पण तिनं त्याचं मनगट सोडलं नाही.

"न्हाय विसरले. पण एकाचं वाईट झालं म्हणून दुसऱ्यानं जितेपणी लोळागोळा होऊन पडायचं? या पोरीनं काय जन्मभर हगणंमुतणं काढत बसायचं? एवढा शिकलास आन् असला भित्रा कसा रे तू?"

"माझ्या जागी तू असतीस तर चढली असतीस टेबलावर?"

मेले तरी चढले नसते, हे इंदूबाईला पक्कं ठाऊक होतं. पण पोराच्या जिवावर बेतलं असताना खरं बोलून कसं चालेल?

"चढले असते," ती म्हणाली. "मुकाट्यानं चढले असते."

प्रज्ञानं पदरानं डोळे टिपले. डॉक्टर जरा पुढं सरकले. "मग चिकटलेली निघाली तर काय करू, आजी?"

"असेल तेवढी राहू द्या. पाय राखा. पुढचं पुढं बघू."

"हे तुम्ही मनापासून सांगताय? नंतर मागं फिरणार नाही?"

"न्हाय फिरणार. जे बोलले ते बोलले."

"ठीक. उद्या सकाळी घेऊ."

वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकच खाट होती. इंदूबाईनं चादरीच्या सुरकुत्या काढल्या, उशी झटकली. तोंडानं त्रिसरण चाललं होतं, पण शब्द सारखे चुकत होते. बाळारामच्या वेळी पण अशीच पांढरी चादर होती. उद्या या वेळेला पोर आपल्याशी बोलत असेल ना, एवढा एकच विचार डोक्यात घुमत होता.

"आडवा हो जरा," ती रत्नपालला म्हणाली. तो खिडकीपाशीच उभा राहिला, तिच्याकडं पाठ करून.

नर्स आली. तिच्या हातात पेशंटच्या मनगटाला बांधायची प्लास्टिकची पट्टी होती. इंदूबाईनं रत्नपालला ओढत आणलं आणि त्याचा हात नर्सपुढं धरला.

"हळू बांध गं बाय. घाबरलाय तो."

नर्सनं पट्टीवरचं नाव मोठ्यानं वाचलं, "इंदूबाई बाळाराम कासारे," आणि रत्नपालचा हात बाजूला सारून पट्टी इंदूबाईच्याच मनगटाला बांधली. "आता मागं फिरायचं नाही, आये," रत्नपाल म्हणाला.