लिंबूटिंबू

"यात तुझे डोळे मिटल्यासारखे दिसतायत," आई फोटो उजेडात धरून म्हणाली. "परत काढ."

"आई, हा तिसरा फोटो आहे. फोटोवाला आता मला घरचं माणूस समजायला लागलाय."

लेकीने फोटो तिच्या हातातून काढून घेतला आणि अर्जावर चिकटवून मोकळी झाली. ओळखपत्राला अठरा पूर्ण लागतात. जन्मदाखल्याप्रमाणे ती पूर्ण होऊन चार महिने उलटले होते. या चार महिन्यांत आईला एकदा रजा मिळाली नाही, एकदा दाखलाच सापडेना, आणि एकदा ऐन निघायच्या वेळी तिच्या पाठीत उसण भरली. आता टाळाटाळीला जागा उरली नव्हती. शुक्रवारपर्यंत नर्सिंग कॉलेजात ओळखपत्र दाखवलं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

ती जागा कशी मिळाली ते लेकीलाच ठाऊक. वडील गेले त्याच आठवड्यात आईने हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम धरलं होतं आणि त्याच आठवड्यात तिला पहिलीत बसवलं होतं. घरी पोर सांभाळायला दुसरं होतं कोण! शाळेच्या पहिल्या दिवशी तिला पेन्सिल धड धरता येत नव्हती. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तिला झोप लागायची. गणवेश गुडघ्यांच्या खाली लोंबायचा, आणि आई म्हणायची, वाढत्या अंगाचा आहे. खेळात मुली तिला लिंबूटिंबू करत. म्हणजे सगळ्यांबरोबर पळायचं, पण बाद झालं तरी कुणी मोजायचं नाही. हे नाव पुढे दहावीपर्यंत तिला चिकटलं.

"समज कमी आहे," वर्गाच्या बाईंनी एकदा प्रगतीपुस्तकात लिहिलं होतं. आईने त्याखाली मुकाट्याने सही केली होती. लेकीने ते वाक्य मनावर घेतलं. आपण मुळातच मठ्ठ, तेव्हा इतरांच्या दुप्पट घासायला हवं, एवढं तिने ठरवून टाकलं. बिचारीने घासलंही. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत ती आठवी आली. त्या दिवशी लॉन्ड्रीतल्या बायकांनी आईला मिठ्या मारल्या, आणि आई चादरींच्या ढिगाआड जाऊन रडली.

"मी काय म्हणते," आई बसमध्ये म्हणाली, "दोन वर्षं थांब. मग कर की अर्ज. काय आभाळ कोसळणार आहे?"

"दोन वर्षं, दोन वर्षं! कधीपासून हेच चाललंय तुझं. मला लांब पाठवायला जीव होत नाही, असं सरळ सांग ना."

"तिकिटं नीट ठेव," आई म्हणाली. तिचं सगळं असंच. लेकीच्या वाढदिवसाला ती तोंड मिटून बसायची. पुढे दोनेक महिन्यांनी मात्र, एखाद्या साध्याशा दिवशी, गोडाचं करून हट्टाने भरवायची. विचारलं तर म्हणायची, आलं मनात. आपलं मोठं होणं आईला सोसत नाही, असं लेकीला वाटे. मग राग येई आणि रागापाठोपाठ दयाही येई.

कार्यालयात रांग होती. खिडकीमागचा कारकून उतारवयाचा होता, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याने फोटो पाहिला आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"अठरा? मला वाटलं, धाकट्या बहिणीला पाठवलंय."

"सगळे तसंच म्हणतात, काका," ती हसली. "अंगानेच लहान आहे मी."

तिने काचेवर दहाही बोटं टेकवली. कारकुनाने दाखल्यावरचा क्रमांक दाबला, पडद्याकडे बघितलं आणि चष्मा चढवून पुन्हा बघितलं.

"ताई, हा दाखला तुमच्या जुन्या गावचा ना?"

"ते गाव सोडून जमाना झाला," आई पुटपुटली.

"सगळ्या गावांची जुनी दप्तरं आता जोडलीत एकमेकांना. तिथे या नावापुढे मृत्यूची नोंद दिसतेय. वय एक वर्ष नऊ महिने. कारण न्यूमोनिया."

लेकीला हसूच फुटलं. "म्हणजे मी भूत की काय, काका?"

"होतं असं. एकाचं दुसऱ्याच्या नावावर चढतं. गेल्या महिन्यात एक आजोबा स्वतःच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत घेऊन भांडायला आले होते." त्याने खणातून एक छापील कागद काढून आईपुढे सरकवला. "घाबरू नका. आईने एवढंच लिहून द्यायचं, की माझ्या मुलीच्या मृत्यूची ही नोंद खोटी आहे. खाली सही. अर्ध्या तासात कार्ड पोरीच्या हातात."

आईने पेन घेतलं. कागदावरची ओळ तिने बोट फिरवत वाचली, मग पुन्हा वाचली. पेनाचं टोक सहीच्या जागेवर टेकलं आणि तिथेच राहिलं. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला.

"आई, कर ना." लेकीचा आवाज चिरकला. "एक सही. माझ्या अख्ख्या जन्माचा प्रश्न आहे आणि तुझ्याच्याने एक सही होत नाही?" त्या क्षणी तिला आईचा खरोखर, मनापासून तिटकारा आला.

आईने पेनाला टोपण लावलं.

"हे मला लिहिता यायचं नाही, साहेब," ती म्हणाली. "ती माझ्या मांडीवर गेली. तेव्हा मला चौथा महिना होता." तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "ही तिच्या पाठची. हिला आत्ताशी सोळा पूर्ण झालीत."