एक डिश, दोन जावा

"आई, आता डिशचं काय काम? आजच काढून टाकतो," म्हणत ऋतुराज पाना घेऊन जिना चढला आणि मालनबाई हातातलं ताट खाली ठेवून त्याच्या मागं बघत राहिल्या.

पोरानं वाईट काहीच केलं नव्हतं. इंटरनेट घेतलं होतं, नवा टीव्ही आणला होता. वरच्या मजल्यावर मोठीआईच्या टीव्हीलाही तेच जोडून दिलं होतं. आता मालिका हवी तेव्हा लावा, हवी तिथं थांबवा. वारा सुटो की आभाळ येवो, चित्र जायचं नाव घेत नव्हतं. आणि नेमकं तेच मालनबाईंच्या मुळावर आलं होतं. चित्र जात नाय, ही तक्रार सांगायची तरी कुणाला? लोक वेड्यात काढतील.

मोठीआई म्हणजे सत्यभामाबाई, मालनबाईंच्या थोरल्या जाऊ. दोघींचं बोलणं करुणाच्या लग्नापासून बंद होतं. त्याचं असं झालं, की लेकीच्या लग्नात मालनबाईंनी थोरल्या जावेला मानाची साडी दिली. घाईगडबडीत कपाटातली एक बरी घडी उचलली होती. ती नेमकी सत्यभामाबाईंनीच वास्तुशांतीला मालनबाईंना दिलेली निघाली. भर मांडवात त्यांनी पदर ओळखला. "माझंच मला देतीस व्हय गं? आता ह्या जन्मात तुझ्याशी बोलायची नाय!" मालनबाई काय कमी होत्या? "मग मी पण तुमचा जिना चढायची नाय!" आता आहेराची साडी चार घरं फिरून परत येते, हे आपल्याकडं चालतंच. पण इतक्या सरळ रस्त्यानं? दोघी हट्टाला पेटल्या त्या पेटल्याच. नवरे बिचारे औरंगपुऱ्यातल्या दुकानात दिवसभर एका डब्यात जेवायचे आणि घरी आले की बायकांच्या धाकानं मुके व्हायचे.

उरली होती ती डिश. गच्चीवर डिश एक, तिच्या वायरी दोन, एक वरच्या घरात, एक खालच्या. खालचं चित्र दर दोन-चार दिवसांनी जायचं. कधी वाऱ्यानं डिश हलली म्हणायचं, कधी मेले पारवे येऊन बसले म्हणायचं. मग मालनबाई अंगणात यायच्या आणि आभाळाकडं बघून ओरडायच्या, "गेलं हो!" नाव कुणाचं घ्यायचं नाही. वर चपला वाजायच्या. सत्यभामाबाई डिश फिरवायला गच्चीत जायच्या.

"आता?"

"नाय."

"आता?"

"जरा डावीकडं. करुणाला दिवस गेलेत म्हणं."

"आता आलं? कन्नडच्या घाटात जीपनं हिंडू नको म्हणावं तिला."

हे काही बोलणं नव्हतं. हे डिश लावणं होतं. शपथ शाबूत होती. करुणाचं बाळंतपण, सत्यभामाबाईंचा गुडघा, नवऱ्यांची साखर, सगळं डावीकडं-उजवीकडं करत अंगणातून गच्चीत जायचं आणि गच्चीतून अंगणात यायचं. मालनबाई तर पुढच्याच. खिडकीतून टीव्ही लख्ख दिसायचा, मालिकेतली सासू सुनेला झापत असायची, आणि ह्या खुशाल म्हणायच्या, "नाय आलं अजून!" वर गुडघा धरलेली बाई उन्हात डिश फिरवतीय, ह्याची त्यांना मागून लई चुटपुट लागायची. पण पुढच्या वेळी पुन्हा तेच.

आज ते संपणार होतं. अंगणात उभं राहून "गेलं हो" म्हणायला आता काही जाणारच नव्हतं. मालनबाईंना एकदम रडू फुटलं. एका साडीपायी आपण हे काय करून बसलो, असं झालं त्यांना.

"आई!" वरून ऋतुराज ओरडला. "खोबरेल तेल घेऊन ये गं. नट निघंना!"

तेलाची बाटली घेऊन त्या जिन्यापाशी थबकल्या. इतक्या वर्षांत त्या पायरीला त्यांनी पाय लावला नव्हता. वरून पोरगं हाका मारतंय, आणि आपण शपथ कवटाळून बसलोय. "चुलीत गेली ती शपथ," असं पुटपुटत त्यांनी डोळे पुसले आणि त्या चढायला लागल्या.

गच्चीत सत्यभामाबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. रडून डोळे त्यांचेही लाल झाले होते. जावेला बघून त्यांनी तोंड फिरवलं नाही.

ऋतुराजनं नटांवर तेल ओतलं, पाना लावला, अंगातला सगळा जोर लावला. डिश ढिम्म हलली नाही. घाम पुसत तो म्हणाला, "मोठीआई, हे तर गंजून एकजीव झालंय. कितीक वर्षं ही डिश जागची हललेलीच नाय बघ!"

मालनबाईंनी डिशकडं बघितलं. मग जावेकडं बघितलं. आणि करुणाच्या लग्नानंतर पहिल्यांदा त्या थेट त्यांच्याशी बोलल्या.

"मग बाई, तुम्ही इथं येऊन फिरवत काय होता?"

सत्यभामाबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"काय फिरवणार, कप्पाळ! तुझी वायर मीच उपसायची, अन् तू हाक मारली की येऊन लगेच लावायची. चित्र आलं तरी तू 'नाय आलं, नाय आलं' म्हणत राहायचीस, म्हणून तर मी दोन दिवसांनी परत उपसायची."