अंगातली देवी

प्रेमलाचे हात थरथर कापायचे, डोळे बटबटीत झाले होते, भर थंडीत घाम फुटायचा. पुरानी बस्तीतल्या साऱ्या मोहल्ल्याला वाटलं, तिच्या अंगात देवी आली. पंधरा वर्षं जिनं तिला दोन घास सुखानं खाऊ दिले नाहीत, ती सासूही पाया पडू लागली.

माहेरहून आलेला भाऊ तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. थायरॉईड वाढला होता. गोळी सोडली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. तीन महिन्यांत हात कापायचे थांबले.

"गेली वाटते देवी," सासू म्हणाली. "ऊठ मंग, भांडे पडले हायेत."



दुसऱ्या दिवसापासून गोळी तुळशीच्या कुंडीत जाऊ लागली, आणि प्रेमला रोज सकाळी हात समोर धरून बघू लागली, कापतो का.